एका रेघेचे उत्तर

सन २०२२ च्या जानेवारीतील भोगीचा दिवस. ओमायक्रॉनची लाट ऐन भरात होती आणि दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी निपाणीच्या एका ओळखीच्या कुटुंबाने माझ्या मोबाइलवर एक छायाचित्र पाठविले. पांढऱ्या प्लास्टिकची बोटभर पट्टी, तिच्यावर ‘सी’ या अक्षरासमोर उमटलेली एक ठसठशीत रेघ आणि ‘टी’ या अक्षरासमोर कोरी जागा. पाठोपाठ मुलाच्या वडिलांचा फोन आला.

“डॉक्टर, एकच रेघ आलीय बघा. म्हणजे पोराला काही नाही न्हवं? संक्रांतीला खानापूरला आजोबांकडं जाऊ काय?”

मुलगा सहा वर्षांचा. आदल्या रात्रीपासून अंगात ताप, नाक वाहते, पण खेळणे चालू. मी मुलाला पाहिले नव्हते. समोर बाकांवर दहा-बारा माता आपापली मुले घेऊन ताटकळत बसल्या होत्या. “निगेटिव्ह आहे ना, मग जा. मास्क तेवढा लावा,” एवढे सांगून मी फोन ठेवला.

खानापूरच्या आजोबांना मूत्रपिंडाचा जुना विकार आहे हे मला ठाऊक होते. त्या क्षणी आठवले नाही इतकेच. रविवारी मुलाच्या आईने पुन्हा चाचणी केली, तेव्हा दोन रेघा उमटल्या. मंगळवारी आजोबांना ताप भरला.

त्या सकाळच्या माझ्या एका वाक्याची उजळणी मी पुढे पुष्कळदा केली आहे. चाचणीने मला फसविले, असे म्हणणे सोपे होते. परंतु चाचणीने जे सांगितले त्याहून अधिक मीच तिच्या तोंडी घातले होते. घरगुती अँटिजेन चाचणीची अचूकता हा विषय स्मरणिकेसाठी निवडला तो याच कारणाने. व्यवसायबंधूंना यातील काही भाग परिचित वाटेल. पण तो घरोघरच्या आई-वडिलांपर्यंत पोहोचावा, ही इच्छा आहे.

कोगनोळी ते किट

आपल्या सीमाभागाला ‘चाचणी’ हा शब्द जितका जवळून कळला, तितका फार थोड्यांना कळला असेल. २०२० च्या आरंभी घशातील स्राव तपासण्यासाठी बाहेरगावी पाठवावे लागत. त्याच वर्षी बेळगावातील आयसीएमआरच्या राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्थेत आरटीपीसीआर तपासणीची सोय झाली आणि आपल्याला मोठा दिलासा मिळाला. पुढे २०२१ साली महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील निगेटिव्ह आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला. कोगनोळीच्या नाक्यावर वाहनांच्या रांगा लागल्या. ज्यांचे घर निपाणीत आणि शेत, माहेर किंवा नोकरी कागलला, अशा माणसांना कागदाचा तो तुकडा पासपोर्टासारखा जपावा लागला. ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘जाण्यास परवानगी’, हे समीकरण आपल्या मनात तेव्हापासून पक्के बसले असावे.

याच सुमारास, मे २०२१ मध्ये, पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोव्हिसेल्फ’ या घरगुती किटला आयसीएमआरने मान्यता दिली. मार्च २०२० मध्ये भारतीय बनावटीच्या पहिल्या आरटीपीसीआर किटला मान्यता मिळविणारी कंपनी ती हीच. किंमत अडीचशे रुपये, नाकातील स्राव स्वतःच घ्यायचा आणि पंधरा मिनिटांत निकाल पाहायचा. दुसऱ्या लाटेत प्रयोगशाळांचे अहवाल मिळण्यास दिवसेंदिवस लागत होते. त्या काळात ही सोय फार मोलाची होती, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

मान्यतेसोबतच आयसीएमआरने सूचनाही दिल्या होत्या. ही चाचणी लक्षणे असणाऱ्यांनी आणि बाधिताच्या निकट संपर्कातील व्यक्तींनीच करावी, सरसकट करू नये. पॉझिटिव्ह आल्यास ती व्यक्ती बाधित समजावी, पुन्हा तपासणीची गरज नाही. लक्षणे असूनही निगेटिव्ह आल्यास मात्र ताबडतोब आरटीपीसीआर करून घ्यावी आणि तोवर रुग्णास संशयित मानूनच वागावे. म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन उत्तरांना एकच वजन द्यायचे नाही, हे पहिल्या दिवसापासून लेखी होते. भोगीच्या सकाळी मी नेमके तेच विसरलो.

पट्टीवर काय घडते?

गर्भधारणेच्या घरगुती तपासणीची पट्टी सर्वांच्या परिचयाची आहे. तत्त्व तेच. टीपकागदावर शाई चढत जावी तसा नाकातील स्राव मिसळलेला द्रव पट्टीवरून सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटविलेली प्रतिपिंडे भेटतात. द्रवात विषाणूचे प्रथिन असेल, तर ही प्रतिपिंडे त्याला धरतात आणि ‘टी’पाशी बसविलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडांत ती जोडी अडकून पडते. पुरेशा जोड्या अडकल्या की सोन्याचे कण एकत्र येऊन डोळ्यांना लालसर रेघ दिसते.

या वर्णनातील ‘पुरेशा’ हा शब्द महत्त्वाचा. आरटीपीसीआर तपासणीत विषाणूच्या जनुकीय अंशाच्या लाखो-कोट्यवधी प्रती तयार केल्या जातात. म्हणून अंश अगदी थोडा असला तरी तो पकडला जातो. अँटिजेन पट्टीत अशी वाढ होत नाही. नाकात जेवढे प्रथिन असेल आणि काडीवर जेवढे येईल, तेवढ्यावरच निकाल ठरतो. विषाणू भरपूर असताना पट्टी उत्तम काम करते. थोडा असताना ती गप्प राहते.

‘सी’ची रेघ आली म्हणजे चाचणी बरोबर झाली, असा सार्वत्रिक समज आहे. ती रेघ फक्त द्रव पट्टीच्या टोकापर्यंत पोहोचला आणि रसायने कार्यरत आहेत एवढेच सांगते. काडी नाकात नीट फिरली की नुसती नाकपुडीला शिवून आली, याची तिला वार्ता नसते. रडणाऱ्या, मान झटकणाऱ्या मुलाचे नाक आणि हात कापत असलेली आई यांच्यामध्ये काय घडले, ते पट्टीला कळत नाही.

आकडे काय सांगतात?

चाचणीची पारख दोन गुणांवर होते. आजारी असलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती आजारी म्हणून ओळखते, ती तिची संवेदनशीलता. आजारी नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती बरोबर मोकळे सोडते, ती तिची विशिष्टता.

जून २०२० मध्ये आयसीएमआरने देशात पहिल्यांदा एका अँटिजेन किटला परवानगी दिली. दोन ठिकाणी झालेल्या तिच्या परीक्षणात विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के आढळली. संवेदनशीलता मात्र रुग्णाच्या शरीरातील विषाणूच्या प्रमाणानुसार ५०.६ ते ८४ टक्के. पुढे जगभरातील अभ्यास एकत्र करून कॉक्रेन संस्थेने २०२२ साली जो आढावा प्रसिद्ध केला, त्यातही हेच चित्र दिसले. लक्षणे असणाऱ्यांत सरासरी संवेदनशीलता ७३ टक्के, लक्षणे नसणाऱ्यांत सुमारे ५५ टक्के. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात ती जवळजवळ ८१ टक्के होती, तर दुसऱ्या आठवड्यात ५४ टक्क्यांवर घसरली. विशिष्टता मात्र सर्वत्र ९९ टक्क्यांच्या वर.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना याहून जवळचा आढावा त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. केवळ मुलांवरील अभ्यास एकत्र केले असता संवेदनशीलता ६४ टक्के भरली. लक्षणे असलेल्या मुलांत ७२, नसलेल्या मुलांत ५६. साधा अर्थ असा, की ताप-खोकला असलेल्या चार बाधित मुलांपैकी एकाला तरी ही पट्टी ‘नाही’ म्हणून सोडून देते.

हे आकडे बहुतांशी प्रशिक्षित हातांनी केलेल्या चाचण्यांचे आहेत. घरातील हात त्याहून सरस असण्याची अपेक्षा आपण करू नये.

तीच पट्टी, दोन घरे

चाचणी वाईट आहे, असा निष्कर्ष यातून काढणे हा दुसरा अन्याय होईल. निकालाचा अर्थ पट्टीइतकाच तो कोणत्या घरात आणि कोणत्या दिवसांत निघाला यावरही अवलंबून असतो. समजण्यास सोपे जावे म्हणून काही आकडे गृहीत धरू.

भोगीच्या सकाळी त्या घरात वडिलांचा घसा दुखत होता आणि त्यांच्या गल्लीत आणखी दोन घरांत ताप होता. हे मी नंतर विचारले तेव्हा कळले. अशा परिस्थितीतील शंभर तापकरी मुले घेऊ. त्यांपैकी साठ बाधित असावीत, असे मानू. तापाचा पहिलाच दिवस असल्याने पट्टी निम्म्यांना पकडेल, असे धरू. म्हणजे तीस मुले पॉझिटिव्ह आणि तीस बाधित असूनही निगेटिव्ह. उरलेली चाळीस खरोखरच निगेटिव्ह. एकूण निगेटिव्ह झाली सत्तर, आणि त्यांत तीस बाधित! पट्टी पाहून मी ज्याला ‘जा’ म्हटले, तो मुलगा बाधित असण्याची शक्यता या हिशेबाने शंभरात त्रेचाळीस होती. नाणे उडवून सांगितले असते, तरी फार फरक पडला नसता.

आता दुसरे घर. साथ ओसरलेली आहे, कोणाला लक्षण नाही, तरी शाळेच्या सहलीपूर्वी हजार मुलांची चाचणी केली. त्यांत बाधित पाचच आहेत असे मानू. पट्टी त्यांपैकी तिघांना पकडेल. विशिष्टता ९९ टक्के धरली, तर निरोगी ९९५ मुलांपैकी सुमारे दहा जणांना ती चुकून पॉझिटिव्ह ठरवील. तेरा पॉझिटिव्ह मुलांत खरी बाधित तीनच! येथे ‘हो’ या उत्तरावर विसंबणे चुकीचे ठरते.

एकच पट्टी, तेच गुण; साथीच्या ऐन भरात ‘नाही’ फसवे आणि साथ नसताना ‘हो’ फसवे. सरसकट तपासणी करू नका असे आयसीएमआरने सांगितले, त्यामागचे गणित हेच होते.

फ्लूपासूनचा धडा

हा धडा आपल्याला खरे तर आधीच मिळाला होता. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने थैमान घातले. देशातील त्या साथीचा पहिला मृत्यू पुण्यात ऑगस्ट महिन्यात झाला, आणि तेथे तपासणीसाठी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. त्याच महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने झटपट फ्लू चाचण्यांचे परीक्षण प्रसिद्ध केले. नव्या विषाणूसाठी त्यांची संवेदनशीलता ४० ते ६९ टक्के होती. निगेटिव्ह निकालावरून उपचार नाकारू नयेत, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. पुढे २०१२ साली १५९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात या फ्लू चाचण्यांची सरासरी संवेदनशीलता ६२ टक्के आढळली. मुलांत सुमारे ६७, प्रौढांत ५४. लहान मुलांच्या नाकात विषाणू अधिक प्रमाणात आणि अधिक काळ असतो, म्हणून हा फरक. तान्ह्या बाळांना बेजार करणाऱ्या आरएसव्ही विषाणूबाबत तर तो डोळ्यांत भरतो. २०१५ च्या आढाव्यात मुलांत ८१ टक्के, प्रौढांत केवळ २९.

वेळेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. फ्लूमध्ये विषाणूचे प्रमाण पहिल्या एक-दोन दिवसांतच शिगेला पोहोचते. उशीर झाला तर पट्टी चुकते. ओमायक्रॉनच्या काळात लस किंवा पूर्वीचा संसर्ग यांमुळे कोविडचे उलटे झाले. शरीराची प्रतिकारशक्ती लवकर जागी होऊन लक्षणे आधी दिसू लागली आणि विषाणूचे प्रमाण चौथ्या-पाचव्या दिवशी कळस गाठू लागले. म्हणून पहिल्या दिवशी कोरी असलेली पट्टी चौथ्या दिवशी दोन रेघा दाखवी. निपाणीच्या त्या मुलाच्या बाबतीत नेमके असेच झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये याच अनुभवावरून सूचना केली, की लक्षणे असल्यास निगेटिव्ह चाचणी ४८ तासांनी पुन्हा करावी. लक्षणे नसल्यास ४८-४८ तासांच्या अंतराने तीनदा करावी.

तेथे ऑक्टोबर २०२४ मध्ये कोविड आणि फ्लू या दोहोंची एकत्र घरगुती अँटिजेन चाचणीही औषध प्रशासनाने विक्रीस संमत केली. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशात आहेत. तेथून पट्टीची छायाचित्रे येतात आणि बेळगावातील आजी मला दाखविण्यासाठी दवाखान्यात घेऊन येते. विषाणू कोणताही असो, तिला माझे उत्तर एकच असते. रेघ आली तर मान्य करा. नाही आली तर बाळ कसे आहे ते मला सांगा.

घरात होणाऱ्या चुका

त्या प्रसंगानंतर मी आई-वडिलांना चाचणी नेमकी कशी केली, हे विचारू लागलो. बहुतेक चुका साध्या असतात. शेंबूड न पुसता काडी फिरविणे. काडी एकाच नाकपुडीत, तीही काठापाशीच फिरविणे. थेंब मोजून न टाकणे. पाचव्या मिनिटाला निकाल पाहून पट्टी कचऱ्यात टाकणे, अथवा तासाभराने पुन्हा पाहून उमटलेल्या फिकट सावलीने घाबरून जाणे. निकाल वेष्टनावर सांगितलेल्या वेळेतच वाचावा. त्या वेळेत फिकट रेघ जरी दिसली तरी ती पॉझिटिव्हच समजावी. बहुतेक किट २ ते ३० अंश तापमानात ठेवायची असतात. निपाणीच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवलेल्या किटवर भरवसा ठेवता येणार नाही. मुदतीची तारीख पाहण्याची सवय तर आपल्याला औषधांच्या बाबतीतही नाही.

शिवाय प्रत्येक खोकला विषाणूचाच नसतो. निपाणी परिसरात ज्या घरांत विड्या वळल्या जातात तेथे तंबाखूच्या धुळीने, आणि चुलीच्या धुराने, महिनोन् महिने खोकणारी मुले मी पाहत आलो आहे. अशा मुलाची पट्टी निगेटिव्ह आली म्हणून ते निरोगी ठरत नाही. आणि पट्टी निगेटिव्ह म्हणजे जंतुसंसर्ग, सबब अँटिबायोटिक, हा निष्कर्ष तर सर्वस्वी चुकीचा. पावसाळ्यानंतर येणाऱ्या तापाच्या मुलात पॉझिटिव्ह रेघ पाहूनही डेंग्यूचा विचार सोडू नये.

विनामूल्य चाचणी

आई-वडिलांना मी आता आणखी एक घरगुती चाचणी शिकवितो. तिला किट लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करावा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो धापेचा श्वास होय. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत-खात नसेल, सुस्त पडले असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पट्टीवर एक रेघ आहे की दोन, याचा विचार न करता त्याच पावली दवाखाना गाठावा. आरएसव्ही असो, फ्लू असो की कोविड, मुलाचा जीव धोक्यात आहे की नाही, हे विषाणूच्या नावापेक्षा त्याच्या श्वासावरून आधी कळते.

व्यवसायबंधूंना विनंती एवढीच. फोनवर निकाल ऐकताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये. ताप येऊन किती तास झाले? घरात-शेजारी आणखी कोण आजारी आहे? आणि हे मूल आता कोणाकडे जाणार आहे? पहिले दोन प्रश्न निकालाचा अर्थ सांगतात. तिसरा चुकीची किंमत सांगतो. भोगीच्या सकाळी मी तिन्ही विचारले नाहीत. त्यांना लागला असता अर्धा मिनिट.

आजोबा सोळा दिवस रुग्णालयात होते, त्यांपैकी नऊ दिवस ऑक्सिजनवर. ते वाचले. संसर्ग नातवाकडूनच झाला, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लाटेच्या त्या दिवसांत तो कोठूनही झाला असता. परंतु त्यांचे मूत्रपिंड पूर्वस्थितीला आले नाही आणि पुढे त्यांना डायलिसिसवर जावे लागले. त्या कुटुंबाने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पुढच्या संक्रांतीला मुलाचे वडील तिळगूळ घेऊन आले, तेव्हा मी आपण होऊन त्यांना माझी चूक सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “डॉक्टर, आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? एक रेघ म्हणजे काही नाही, असंच समजत होतो की.”

त्यांना ठाऊक नसणे समजण्यासारखे होते. मला ठाऊक होते. पट्टी स्वस्त आहे, हाताशी आहे आणि योग्य वेळी, योग्य हाती फार उपयोगाची आहे. फक्त तिची एक रेघ म्हणजे परवाना नव्हे. त्या कोऱ्या जागेचा अर्थ ‘आजार नाही’ असा न घेता ‘अजून दिसला नाही’ असा घ्यावा, दोन दिवस थांबावे, पुन्हा पाहावे आणि तोवर घरातील वृद्धांपासून मुलाला जरा दूर ठेवावे. सण पुढच्या वर्षीही येतो.